१९७२ ची आठवी: दुष्काळ, कंदील आणि दहावीची पहिली बॅच

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलता बोलता जसं आलं, तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आज एका वर्गाची गोष्ट आहे. जून १९७२ मध्ये महाराष्ट्रात जी मुलं आठवीच्या वर्गात जाऊन बसली, त्यांची. म्हणजे साधारण १९५८-५९ साली जन्मलेली पोरं. आज ही मंडळी पासष्टी ओलांडून गेलीत. तुमच्या घरात आजोबा, आजी, मोठे काका, आत्या यांच्यापैकी कोणीतरी या बॅचचं किंवा एखाद्या वर्षाने मागचं-पुढचं असण्याची शक्यता भरपूर आहे.

हीच बॅच का? कारण या मुलांवर एकाच वेळी दोन गोष्टी येऊन आदळल्या. एक आभाळातून, एक मंत्रालयातून. आभाळातून आला नाही तो पाऊस, आणि मंत्रालयातून आला तो नवा शैक्षणिक आकृतिबंध, म्हणजे १०+२+३. आपण आज 'दहावी' म्हणून ज्या गोष्टीचा एवढा धसका घेतो, ती बोर्डाची दहावी या मुलांच्या आधी महाराष्ट्रात नव्हतीच!

आधी हे बघू, की हायस्कुलात पोचायचं कोण?

'सत्तरच्या दशकातलं शाळकरी आयुष्य' म्हटलं की आपल्याला आठवते ती 'शाळा'. मिलिंद बोकीलांची कादंबरी, आणि त्यावरचा सिनेमा. त्यातली मुलं आणीबाणीच्या काळात नववीत आहेत, म्हणजे आपल्या बॅचच्या तीन-एक वर्षं मागे. वातावरण साधारण तेच. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या काळी हायस्कुलात असणं हीच मुळात सगळ्यांच्या नशिबातली गोष्ट नव्हती.

१९७१ ची जनगणना घ्या. महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या जरा वर. साक्षर किती? एकूण लोकसंख्येच्या सुमारे ३९ टक्के. बायकांमध्ये तर जेमतेम २६ टक्के. आणि साक्षर म्हणजे फक्त लिहिता-वाचता येणारा माणूस, हायस्कुलात गेलेला नव्हे.

गावाकडचा रस्ता साधारण असा होता. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची मराठी शाळा, ती गावात किंवा शेजारच्या गावात. आठवीपासून 'हायस्कूल', आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच गावात. तीन-चार मैल चालत किंवा सायकल असेल तर सायकलवर. सायकल घरात एकच, आणि ती वडिलांची किंवा थोरल्या भावाची. एसटीचा रस्ता असेल तर पास. नाहीतर वसतिगृह.

इथे रयत शिक्षण संस्थेचं नाव घ्यावंच लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची हायस्कुलं सत्तर सालापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात खेडोपाडी पोचली होती. 'कमवा आणि शिका' हे त्यांचं सूत्र. वसतिगृहातली मुलं शेतात, बागेत काम करायची आणि शिकायची. तशीच विवेकानंद शिक्षण संस्था, विदर्भात शिवाजी शिक्षण संस्था, आणि गावागावात स्थानिक मंडळींनी काढलेल्या छोट्या संस्था. सरकारनं परवानगी आणि अनुदान द्यायचं, गावानं जागा आणि श्रम द्यायचे, असा तो मामला होता.

फीचं काय? तिथे कामाला यायची 'ईबीसी' सवलत. आजीआजोबांना हा शब्द विचारा, लगेच ओळखतील. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलांची फी सरकार भरायचं. म्हणजे महिन्याला १०० रुपये. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, दाखल्यासाठी तलाठी आणि तहसील कचेरी. जूनमध्ये शाळा सुरू झाली की एकीकडे पुस्तकं शोधायची आणि दुसरीकडे हा दाखला.

आणि मुलींचं? इथे मला जो कायदा सापडला तो वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुलीचं लग्नाचं किमान वय होतं १५. ते १८ झालं १९७८ मध्ये. म्हणजे आपल्या बॅचमधली मुलगी नववी-दहावीत असताना तिचं लग्न लावणं पूर्णपणे कायदेशीर होतं! हायस्कूल दुसऱ्या गावात, रस्त्यात शेतं-ओढे, आणि 'पोरगी आता मोठी झाली' हे वाक्य. वर्गाच्या जुन्या फोटोत मुलींची रांग एवढी छोटी का असते, त्याचं उत्तर यात आहे.

दप्तरात काय होतं?

पिशवी. बॅग नव्हे, पिशवी. बऱ्याचदा खताच्या किंवा मांजरपाटाच्या कापडाची घरी शिवलेली. पुस्तकं 'बालभारती'ची. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ मध्ये स्थापन झालं होतं, त्यामुळे ते तेव्हा अगदी तरुण होतं. आठवीपासूनची काही पुस्तकं मात्र वेगवेगळ्या प्रकाशकांची असायची. नवी पुस्तकं घेणं ही चैन. पद्धत अशी की पुढच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीला घ्यायची, वर्षभर जपून वापरायची, आणि पुढच्याला पुन्हा विकायची. ही साखळी लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ती तुटणार आहे.

लिहायला शाईचा पेन. कॅम्लिनच्या शाईची बाटली घरात एक, त्यात सगळी भावंडं. पेन गळायचा, खिशावर निळा डाग पडायचा. बॉलपेन बाजारात आले होते, पण 'त्यानं अक्षर बिघडतं' म्हणून अनेक मास्तर वर्गात चालू द्यायचे नाहीत. मुलांना खाकी हाफ चड्डी आणि पांढरा शर्ट. छडी होतीच, आणि घरी जाऊन सांगायची सोय नव्हती, कारण घरचेही वरून दोन द्यायचे.

संध्याकाळी अभ्यास कंदिलावर किंवा चिमणीवर. वीज अनेक गावांत पोचली होती, पण गावात वीज असणं आणि घरात वीज असणं यात फार फरक होता. त्यामुळे मॅट्रिकच्या मुलांची एक खास पद्धत होती: रात्री शाळेतच झोपायला जायचं. जेवून, अंथरूण घेऊन शाळेत. शाळेचा एक मोठा दिवा, भोवती दहा-पंधरा मुलं, आणि शेजारच्या खोलीत एखादे गुरुजी. पहाटे चारला तेच उठवणार. आज आपण ज्याला 'स्टडी रूम' म्हणून महिन्याचे पैसे भरतो ना, ती ही. फुकट, आणि गुरुजींसकट.

करमणूक म्हणजे रेडिओ. तोही सगळ्यांकडे नाही, आणि ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागायचं. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला आणि अमीन सयानींचा आवाज. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडिजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवलं. वेस्ट इंडिजमध्ये गावस्करनं पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा काढल्या. आठवीतली पोरं खळ्यावर फळी घेऊन 'गावस्कर' व्हायला लागली ती तेव्हापासून. त्याच वर्षी डिसेंबरात युद्ध. मुंबईतल्या मुलांना ब्लॅकआउट आठवतो, खिडकीच्या काचांना चिकटवलेले काळे-तपकिरी कागद आठवतात. मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला. पण सांगली-बीडच्या पोराला त्या बातमीचा काही उपयोग नव्हता. त्याच्यासमोर त्या ऑक्टोबरात वेगळंच काहीतरी होतं.

पाऊस आलाच नाही

१९७० आणि ७१ चे पावसाळे अनेक जिल्ह्यांत वाईटच गेले होते. १९७२ चा तर पुरता फसला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, सांगली यांचे पूर्वेकडचे तालुके, आणि मराठवाड्यात औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद. खरीप गेला, मग रब्बीही गेली. जुनी माणसं एक फरक नेहमी सांगतात: 'बहात्तरला विहिरीत थोडं पाणी होतं, पण खायला दाणा नव्हता. आत्ताच्या दुष्काळात दुकानात दाणा आहे, पण प्यायला पाणी नाही.'

सरकारनं मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामं काढली. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं. ज्याला काम हवं त्याला ते मिळालं पाहिजे, या कल्पनेमागे वि. स. पागे होते. त्यांनी त्याचा छोटा प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्येच केला होता. पुढे हीच रोजगार हमी योजना झाली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, आणि कितीतरी वर्षांनी सगळ्या देशाच्या रोजगार हमीला तिचाच धडा मिळाला.

आकडा ऐका. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या पाच कोटी. गणित करा: दर दहा माणसांमागे एक माणूस दुष्काळी कामावर! यात लहान मुलं, म्हातारे आणि मुंबई-पुणे सगळं धरून. म्हणजे दुष्काळी तालुक्यांत जवळजवळ घरटी माणसं कामावर होती, आणि त्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या.

आता आपल्या आठवीतल्या मुलाच्या जागी उभे राहा. आई-वडील पहाटे कामावर जाणार. धाकटी भावंडं घरी. गुरं असतील तर त्यांना चारा-छावणीवर न्यायचं किंवा मिळेल त्या भावानं विकायचं. रेशनवर अमेरिकेतली लाल ज्वारी यायची, तिला लोक 'मिलो' म्हणायचे. भाकरी थापताना तुटायची आणि चवीलाही बरी नव्हती, पण तीच होती. कामाच्या ठिकाणी 'सुकडी' मिळायची, म्हणजे पीठ, गूळ वगैरे मिसळून केलेलं कोरडं पौष्टिक खाणं. कितीतरी जणांना आजही सुकडीची चव आठवते, आणि गंमत म्हणजे अनेकांना ती आवडल्याचंच आठवतं. भुकेल्या पोराला गोड खाणं, दुसरं काय!

मोठी मुलं सुट्टीत, आणि कधी शाळा बुडवूनही, आईबरोबर पाट्या उचलायला गेल्याच्या आठवणी या पिढीकडे हमखास ऐकायला मिळतात. वर्गातल्या रिकाम्या जागा म्हणजे ती. काही मुलं पावसाबरोबर, १९७३ च्या जूनमध्ये परत आली. काही परत आलीच नाहीत. ती मुंबईला गिरणीत, हॉटेलात, हमालीत गेली. शाळेच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे फक्त एक रेघ.

आणि याच वर्षी सिस्टम बदलली

आता मंत्रालयाकडे वळू. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा भाग मला जरा जास्तच जवळचा वाटतो. चालू सिस्टम बंद न करता तिचा पायाच बदलायचा, म्हणजे काय ताप असतो, ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

जुनी पद्धत अशी: शाळा अकरा वर्षांची. अकरावीला बोर्डाची एस.एस.सी. परीक्षा, लोकांच्या तोंडी 'मॅट्रिक'. त्यानंतर कॉलेजची चार वर्षं, की पदवी. अकरा अधिक चार, पंधरा.

१९६४ मध्ये केंद्र सरकारनं कोठारी आयोग नेमला. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी. सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, तेच हे नाईक. आयोगाचा अहवाल आला १९६६ मध्ये. त्यातून पुढे आलेली रचना: दहा वर्षं सगळ्यांना सारखं शिक्षण, मग दोन वर्षं उच्च माध्यमिक, मग तीन वर्षांची पदवी. दहा अधिक दोन अधिक तीन. किती? पंधराच!

म्हणजे एकूण वर्षं बदलली नाहीत. बदलली ती तुकडा पाडायची जागा. वरवर बघता केवढीशी गोष्ट. पण या तुकड्याच्या जागेवर लाखो मुलांचं आयुष्य ठरत होतं. कसं ते सांगतो.

पहिली गोष्ट, विषय. जुन्या एस.एस.सी.त वरच्या वर्गांमध्ये विषय निवडायला बराच वाव असायचा. गणित जड जाणारा मुलगा वेगळी वाट धरून मॅट्रिक होऊ शकायचा. नव्या रचनेत दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सगळ्यांना. कल्पना चांगलीच होती: तेराव्या-चौदाव्या वर्षी कुणाची दारं बंद होऊ नयेत. पण ज्या हायस्कुलात प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि विज्ञानाला धड शिक्षक नाही, तिथल्या मुलासाठी हीच कल्पना डोंगरासारखी उभी राहिली.

दुसरी गोष्ट, पुस्तकं. आठवतेय ती जुन्या पुस्तकांची साखळी? नवा अभ्यासक्रम आला आणि ती तुटली. आठवी, मग नववी, मग दहावी, तिन्ही वर्षं ही बॅच सगळ्यात पुढे. पुढच्या वर्गातल्या दादाची पुस्तकं, वह्या, जुन्या प्रश्नपत्रिका, कशाचाच उपयोग नाही. दुष्काळाच्या वर्षात पुस्तकं नवी घ्यायची! मास्तरांनाही परीक्षेत काय येणार याचा अंदाज नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर या मुलांवर थेट 'प्रॉडक्शन'मध्ये टेस्टिंग झालं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, अंतर. जुन्या पद्धतीत जवळच्या हायस्कुलात राहून मुलगा अकरा वर्षं शिकायचा आणि 'मॅट्रिक पास' होऊन बाहेर पडायचा. मॅट्रिक म्हणजे नोकरीची किल्ली होती: तलाठी, कारकून, पोस्ट, एसटी, किंवा डी.एड. करून शिक्षक. नव्या पद्धतीत जवळची शाळा दहावीला संपली. अकरावी-बारावी गेली 'ज्युनिअर कॉलेज'मध्ये, आणि कॉलेज तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला. ज्या घरानं दुष्काळात पोरगं कसंबसं शाळेत टिकवलं, त्याला आता दोन वर्षं बाहेरगावी ठेवायचं. आणि पोरगी असेल तर? बहुतेक घरांत हा प्रश्न विचारलाच गेला नसेल.

म्हणूनच मग अनेक हायस्कुलांनी आपल्याच इमारतीत अकरावी-बारावीचे वर्ग जोडले. आजही तुम्ही गावाकडे जाता तेव्हा फाटकावर लांबलचक पाटी दिसते, 'माध्यमिक विद्यालय व कनिष्ठ महाविद्यालय'. त्या 'व'च्या मागे ही सगळी गोष्ट आहे. खरं तर कोठारी आयोगाचंही म्हणणं हेच होतं की ही वर्षं विद्यापीठांकडून काढून शाळांकडे द्यावीत. महाराष्ट्रात दोन्ही झालं. शहरात मुलं कॉलेजात गेली, गावात अनेक ठिकाणी शाळाच वाढली.

१९७५: एकाच वर्षी दोन निकाल

आता गणित बघा. जून १९७२ मध्ये जे आठवीत होते ते मार्च १९७५ मध्ये दहावीला पोचले. आणि जून १९७२ मध्ये जे नववीत होते ते जुन्या पद्धतीचे, ते त्याच १९७५ मध्ये अकरावीला. म्हणजे एकाच वर्षी जुनी मॅट्रिकही आणि नवी दहावीही! एकाच घरात थोरला अकरावीची परीक्षा देतोय आणि धाकटा दहावीची, आणि दोघांच्याही प्रमाणपत्रावर नाव तेच, एस.एस.सी. थोरल्यांची ती जुन्या अकरावीची शेवटची मोठी तुकडी, धाकट्यांची दहावीची पहिली.

गावाकडच्या मुलांचं परीक्षा केंद्र तालुक्याला. आठ-दहा दिवस कुणा नातेवाइकाकडे, ओळखीच्याच्या पडवीत किंवा देवळाच्या धर्मशाळेत मुक्काम. सोबत भाकरी आणि चटणीचं गाठोडं. निकाल वर्तमानपत्रात, नुसत्या बैठक क्रमांकांच्या रांगा. पेपर गावात दुपारच्या एसटीनं येणार. स्टँडवर सगळे जमलेले, एकजण अंगठा खाली सरकवत आकडे वाचतोय. आपला नंबर नसेल तर? पुन्हा पुन्हा बघायचं. 'छापायचं राहिलं असेल' म्हणून दुसरा पेपर शोधायचा. आज आपली वेबसाइट क्रॅश होते, तेव्हा त्यांची एसटी उशिरा यायची. पोटातला गोळा तोच.

या निकालाच्या पेपरात जी नावं नव्हती, त्यांचं काय? नापास झालेल्यांचं 'ऑक्टोबरला बसू' असायचं. पण १९७२-७३ मध्ये शाळा सुटलेल्यांचा नंबर कुठल्याच यादीत नव्हता. मला वाटतं, त्या दशकाचा शैक्षणिक इतिहास लिहिताना आपण नेहमी पास झालेल्यांचा लिहितो. 'आम्ही कंदिलावर शिकलो' हे सांगणारे शिकले म्हणून सांगू शकतात. ज्यांचं शिक्षण पाझर तलावाच्या बांधावर थांबलं, त्यांच्या आठवणींना 'शाळेच्या आठवणी' कुणी म्हणत नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं?

२०२० च्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात १०+२ जाऊन ५+३+३+४ आलंय. नववी ते बारावी एकत्र. म्हणजे तुकडा पाडायची जागा पन्नास वर्षांनी पुन्हा सरकतेय. तुमची धाकटी भावंडं, भाचे-पुतणे यांची एखादी बॅच पुन्हा सगळ्यात पुढे असणार, जुन्या पुस्तकांशिवाय.

१९७२ ची बॅच आपल्याला एवढंच सांगते की आकृतिबंध कागदावर चांगला आहे की वाईट, हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा असा: तो येईल त्या वर्षी सगळ्यात लांब राहणाऱ्या मुलाच्या घरात काय चाललेलं असेल? कोठारी आयोगानं वाईट विचार केला नव्हता. पण पाऊस आयोगाला विचारून येत नाही.

या भागासाठी एक छोटं काम देतो. घरात, शेजारी, ओळखीत पासष्ट ते सत्तरीचं कोणी असेल तर त्यांना तीन प्रश्न विचारा. एक: तुमची मॅट्रिक अकरावीची की दहावीची? दोन: बहात्तरला घरात काय खायचात? आणि तीन: तुमच्या वर्गातलं कोण मध्येच शाळा सोडून गेलं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक लोक थोडा वेळ थांबतात आणि मग एक नाव सांगतात. ते नाव ऐकून घ्या. जमलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. हे कुठल्या पुस्तकात नाही, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.

भाग आवडला तर पुढे पाठवा, विशेषतः घरच्या फॅमिली ग्रुपवर, तिथे यावर खरी चर्चा होईल. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!